मॅक्रोतील चूक दाबू नका, तिला बोलू द्या

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कापडाच्या पेढ्यांवर आता खतावणीच्या शेजारी संगणक आला आहे. भिवंडीहून आलेले ग्रे कापडाचे तागे, डोंबिवली एमआयडीसीत रंगाईला गेलेला माल, दलालाची दलाली, उधारीची वसुली हे सारे एक्सेलच्या पानांवर मांडले जाते. रोज तेच काम हाताने करावे लागू नये म्हणून कुणा जाणकार मुलाकडून मॅक्रो लिहून घेतला जातो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा लिहून दिलेली हुकमांची यादी. बटण दाबले की तो ती यादी ओळीने पार पाडतो. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिकची भाषा आली आणि आजही बहुतेक मॅक्रो तिच्यातच लिहिले जातात.

सोय उत्तम आहे. पण काम करताना अडचण आली तर मॅक्रोने काय करावे, हे ठरवणाऱ्याही काही ओळी त्यात असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. व्यापारी बंधूंनी निदान एवढा भाग समजून घ्यावा, म्हणून आम्ही तो येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

थांबणारा मॅक्रो आणि पुढे रेटणारा मॅक्रो

वेगळे काही सांगितलेले नसेल तर चूक आल्याबरोबर मॅक्रो जागीच थांबतो आणि चुकीचा क्रमांक दाखवतो. महिन्याच्या पानाचे नाव कोणी बदलले असेल तर ९, मीटरच्या जागी शून्य असताना रकमेवरून दर काढायला गेले तर ११, तारखेच्या रकान्यात भलताच मजकूर असेल तर १३. गिऱ्हाईक समोर असताना असा अडथळा आला की माणूस वैतागतो आणि 'हे बंद करून दे' म्हणतो. मग मॅक्रोत एक ओळ घातली जाते: 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. अर्थ असा, की चूक आली तर तिच्याकडे लक्ष न देता पुढच्या ओळीवर जा. यापुढे मॅक्रो कधी अडत नाही आणि सगळे खूश होतात. खरा धोका येथूनच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. यंत्रमागवाल्यांची देणी किती दिवसांची झाली, हे मॅक्रो बिलागणिक काढतो. ४१ व्या बिलाची तारीख ३ जून आहे. ४२ वे बिल २० एप्रिलचे आहे, पण रकान्यात तारखेऐवजी 'चालानवर पाहा' असे लिहिले आहे. मॅक्रोला ती तारीख वाचता येत नाही. चूक दाबलेली असल्यामुळे तो पुढे जातो, आणि त्याच्या हाती मागच्याच बिलाची ३ जून ही तारीख राहते. १० जूनला यादी काढली तर ४२ वे बिल ७ दिवसांचे दिसते. प्रत्यक्षात ५१ दिवस उलटलेले असतात. पडद्यावर कसलाही इशारा नाही. त्याहून विचित्र म्हणजे, '४५ दिवस उलटले असतील तर' ही अट तपासतानाच चूक आली, तर मॅक्रो अट खरी धरल्यासारखा आत शिरतो.

हा फरक किरकोळ नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु कारखानदाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने ही मुदत आयकराशीही जोडली: मुदतीनंतर दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच खर्च म्हणून धरायची. मॅक्रोने दडवलेले एक बिल अशा रीतीने खिशापर्यंत पोहोचते.

हिरवा त्रिकोण कोणी पुसला?

दुसरा प्रकार एक्सेलच्या स्वतःच्या पहाऱ्याचा. आकडा मजकूर म्हणून लिहिला गेला असेल तर एक्सेल त्या घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवते. १२००, ८५० आणि ६४० मीटर अशा तीन नोंदींत ८५० हा मजकूर असेल, तर 'सम'ची बेरीज २६९० ऐवजी १८४० येते. ८५० मीटर कापड हिशेबातून गायब. तो त्रिकोण हाच तेवढा इशारा असतो. मॅक्रोतून 'अ‍ॅप्लिकेशन'च्या 'एरर चेकिंग ऑप्शन्स'मधले 'नंबर अ‍ॅज टेक्स्ट' किंवा 'बॅकग्राउंड चेकिंग' बंद केले की पान स्वच्छ दिसते. पण ही मांडणी त्या एका फाइलपुरती नसते, त्या संगणकावरच्या साऱ्या एक्सेलला लागू होते. एका मॅक्रोने बंद केलेला पहारा दुसऱ्या सगळ्या वह्यांवरूनही उठतो.

'डिस्प्ले अलर्ट्स' बंद केले तर पान पुसताना किंवा जुन्या फाइलवर नवी लिहिताना एक्सेल विचारत नाही. मॅक्रो संपल्यावर ते आपोआप पूर्ववत होते. 'इनेबल इव्हेंट्स' मात्र आपोआप सुरू होत नाही, ते मॅक्रोनेच सुरू करावे लागते.

तपासणीच्या वेळी

मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत टूल्स, ऑप्शन्स, जनरल येथे 'एरर ट्रॅपिंग' आहे. तेथे 'ब्रेक ऑन ऑल एरर्स' निवडले की चुका दाबणाऱ्या ओळी असल्या तरी मॅक्रो प्रत्येक चुकीवर थांबतो. अ‍ॅक्सेसमध्ये हीच निवड 'सेट ऑप्शन' या हुकमाने बदलता येते. एक्सेलमध्ये तसा सरळ हुकूम नाही, ती हातानेच बदलावी. जुना मॅक्रो तपासायचा तर त्याची एक प्रत घेऊन, ही निवड करून चालवावी. किती चुका आजवर मुकाट्याने गिळल्या गेल्या, ते लगेच कळते. तपासणी झाल्यावर 'ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्स' परत निवडावे.

लिहून घेताना काय मागावे?

एक, 'रिझ्यूम नेक्स्ट' जरूर तेवढ्या एक-दोन ओळींपुरतेच असावे आणि लगेच 'ऑन एरर गो टू झीरो'ने संपवावे. दोन, बाकी ठिकाणी चूक आली की मॅक्रोने ठरलेल्या जागी जावे आणि बिल क्रमांक, चुकीचा क्रमांक व वर्णन वेगळ्या पानावर लिहून ठेवावे. तीन, कुठलीही मांडणी बदलण्याआधी तिची जुनी किंमत जपून ठेवावी आणि काम संपल्यावर ती परत लावावी. मॅक्रो मध्येच अडला तरी ती परत लागली पाहिजे. चार, शेवटी मॅक्रोने सांगावे: इतकी बिले होती, इतकी मोजली, इतकी वगळली.

शेवटची गोष्ट किती मोलाची आहे ते इंग्लंडमध्ये २०२० साली दिसले. तेथील आरोग्य यंत्रणेच्या जुन्या एक्सेल नमुन्यात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नव्हत्या. त्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत. आलेल्या आणि मोजलेल्या नोंदींचा मेळ रोज घातला असता तर ही तूट पहिल्याच दिवशी दिसली असती.

रोजमेळ जुळला नाही तर जुना मुनीम रात्री पेढी बंद करीत नसे. मॅक्रोकडूनही आपण तेवढीच अपेक्षा ठेवावी. जो मॅक्रो अडतो आणि का अडलो ते सांगतो, तोच भरवशाचा.