एडवर्ड लिअरचा धोबी

निरर्थक बालकविता म्हणजे पोट भरलेल्यांचा पोरखेळ, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. मलाही वाटत होते. ज्यांच्या जगण्यालाच अर्थ नाकारला गेला, त्यांनी निरर्थाच्या नादी कशाला लागावे? पण शिकवता शिकवता एडवर्ड लिअर हाती लागला आणि माझा हेका थोडा ढिला झाला.

लिअर हा पेशाने चित्रकार, इंग्रज. फेफऱ्याचा आजार त्याने जन्मभर लपवला. एका उमरावाच्या वाड्यावर पशुपक्ष्यांची चित्रे काढायला राहिला असताना तिथल्या मुलांसाठी त्याने छोट्या विक्षिप्त कविता रचल्या, चित्रेही स्वतःच काढली. १८४६ साली त्यांचे पुस्तक टोपणनावाने निघाले.

या कवितांत कुणाचे नाक भलतेच लांब, कुणाच्या दाढीत पाखरांची घरटी. आणि अनेकदा जवळच 'ते' लोक उभे असतात. 'ते' कोण, हे लिअर सांगत नाही. 'ते' दटावतात, हाकलतात, प्रसंगी झोडपतात. शब्दांत हा वेगळा माणूस हरतो. चित्रात पाहावे तर हात पंखांसारखे मागे टाकून चवड्यांवर नाचत असतो! चित्र झाकले तर अर्धी कविता मेली. गावाने वेगळा काढलेला माणूस आपल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

पण हाच लिअर १८७३ साली व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून मुंबईला उतरला. १८७४ साली मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची 'द कमरबंड' ही कविता छापून आली. कानावर पडलेले हिंदुस्थानी शब्द त्याने तिच्यात नुसत्या नादासाठी वापरले. तिच्यातली बाई बसते ती धोब्यावर. चपराशी म्हणजे नदीतले मासे, आया म्हणजे झाडावरचे हिरवे पक्षी, भिस्ती म्हणजे चिवचिवणारी पाखरे. साहेबाचे पाणी, कपडे, मूल ज्यांच्या हातून सांभाळले जाई, ती सगळी माणसे इथे जनावरे झाली. इथल्या गोऱ्या वाचकाला या शब्दांचे अर्थ ठाऊक होते, म्हणूनच त्याला गंमत वाटणार होती. (शेवटी कमरबंद नावाचा प्राणी त्या बाईला गिळतो, एवढे एक मनासारखे होते.)

वर्गात मी ही कविता मराठीतून सांगितली. मुले हसली. परटाचा मुलगा हसला नाही.

"सर, म्हणजे ती माझ्या बापावर बसली?"

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कागद दिला. म्हटले, शब्द तू निवड, चित्र तू काढ.

त्याने नदी काढली. दगडापाशी बाप उभा. आपटायला हातात घेतलेला लांबलचक 'तहसीलदार', आणि दोरीवर पिळून वाळत घातलेले दोन 'इन्स्पेक्टर'. खाली बादलीत भिजत पडलेला एक 'सर'.

वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गावरचे मास्तर दारात येऊन दटावू लागले.