विमानातील श्वास

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की, उघड्यावर माणसाची शुद्ध मिनिटभरातच हरपावी. तरीही प्रवासी तेथे निर्धास्त झोपतो. कारण केबिनमधील हवेचा दाब फार तर २,४०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्याइतका राखलेला असतो. ही हवा येते कोठून?

बहुतेक जेट विमानांत ती इंजिनातूनच येते. इंजिनाचा संपीडक बाहेरची हवा दाबतो आणि इंधन जळण्यापूर्वी तिचा काही अंश वळवून, थंड करून केबिनमध्ये सोडला जातो. तेथे तिच्यात केबिनमधीलच जुनी हवा मिसळतात. ही जुनी हवा सूक्ष्म गाळण्यांतून जात असल्याने तिच्यातील जंतू बहुतांशी अडतात. इंजिनातून येणारी हवा मात्र सामान्यतः गाळली जात नाही.

प्रश्न उद्भवतो तो येथेच. इंजिनाच्या बेअरिंगना वंगण लागते. ते रोखणारे सील झिजले, किंवा तेल प्रमाणाबाहेर भरले गेले, तर तापलेल्या तेलाची वाफ केबिनमध्ये शिरते. कुबट मोज्यांसारखा वास ही तिची खूण होय. या तेलात झीज टाळण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट घातलेले असते. त्याचा एक प्रकार मज्जातंतूंना घातक आहे. १९३० साली अमेरिकेत त्याची भेसळ असलेला आल्याचा अर्क पिऊन हजारो लोकांचे पाय लुळे पडले होते. आजच्या तेलांत हा प्रकार अत्यल्प असतो, हेही सांगितले पाहिजे.

ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांत केलेली मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्या द्रव्यांसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत, ती त्यांपलीकडे आढळली नाहीत. परंतु औपचारिक नोंद व्हावी अशी धुराची घटना त्या उड्डाणांत घडलीच नव्हती. निरभ्र दिवसांच्या नोंदींवरून वादळाचे अनुमान कसे काढावे?

विमानात वाफ टिपणारी उपकरणे बहुधा नसतात. साक्ष उरते ती केवळ नाकाची. प्रवासी उतरून जातो, कर्मचारी पुन्हा उड्डाण करतात. ऑस्ट्रेलियात १९९२ साली धुरामुळे फुप्फुसांना इजा झालेल्या एका हवाई सेविकेच्या दाव्याचा अखेरचा निकाल तिच्या बाजूने लागायला २०१० साल उजाडले.

उपाय अशक्य नाही. २०११ पासून सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानात केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या स्वतंत्र संपीडकांतून घेतली जाते. एअर इंडियाच्या ताफ्यातही ही विमाने २०१२ पासून आहेत. जुन्या विमानांत निदान मापनयंत्रे बसवली, तर पीडिताला पुराव्यासाठी अठरा वर्षे झगडावे लागणार नाही.