रक्ताचा पाट तुंबतो तेव्हा...

‘मावशी, हाडात खिळे ठोकते का वं कोनी?’ डिसेंबरच्या थंडीत माझी सोळा वर्षांची भाची कळवळून विचारत होती. तिला सिकलसेल आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार अनोळखी नाही. दुखणं उठलं की पाणी पाजायचं, पांघरूण घालायचं आणि दवाखाना गाठायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. पण आत नेमकं होतं काय?

सिकल म्हणजे विळा, आपला इळा. रक्तातल्या लाल पेशी गोल, लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी झाला की त्या ताठ होऊन इळ्यासारख्या वाकतात आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही, म्हणून त्या कळा.

हे तुंबणं पाहायचं कसं? प्रयोगशाळेत बशीत पेशी वाढवतात, पण तिथलं पाणी साचलेलं. रक्तवाहिनीच्या पेशींना सवय वाहत्या रक्ताची. म्हणून शास्त्रज्ञांनी पारदर्शक सिलिकॉन रबराच्या छोट्याशा तुकड्यात अगदी बारीक पाट कोरले आणि त्यांच्या आतून माणसाच्या रक्तवाहिनीच्या पेशी रुजवल्या. हीच ती चिप. धानाच्या बांधीत एका बाजूने पाणी येतं, दुसरीकडून उतरतं, तसंच इथे. पंप रात्रंदिवस पोषक द्राव हळूहळू सोडत राहतो. पेशींना अन्न मिळतं, मळ वाहून जातो. गंमत म्हणजे प्रवाह लागला की या पेशी त्याच्या दिशेने लांबट होऊन बसतात, अगदी शरीरात बसतात तशा!

अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा चिपवरचं काम प्रसिद्ध केलं. सिकलसेलच्या रक्ताने पाट कसे तुंबतात हे त्यांना पाहता आलं. हायड्रॉक्सीयुरियामुळे तुंबणं कमी होतं, हेही दिसलं. माझी भाची तेच औषध घेते. बरं वाटलं की डोस चुकवायची. मी तिला कागदावर पाट काढून दाखवले. आता डॉक्टरांनी सांगितलेली गोळी ती स्वतःहून मागते.

मैत्रिणींनो, चिपवरचं संशोधन चालू राहील. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत अशा चिपवरच्या चाचण्यांना जागा दिली. पण आपल्या हातात आजच एक गोष्ट आहे, रक्ताची तपासणी. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक दिसायला ठणठणीत असतो, म्हणून कळत नाही. माझ्या बहिणीने ‘तुझ्याकडूनच आलं’ हे वर्षानुवर्षं ऐकलं. अहो, दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही!

चंद्रपुरात आयसीएमआरचं याच आजारांचं संशोधन केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. आपल्या आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा. लग्न ठरवण्याआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करा.

परवा भाची हसत म्हणाली, ‘मावशी, माझ्यासाठी पोरगा पाहाल तं पत्रिका मागून पाहा, पहिले रिपोर्ट पाहा.’

पोरगी शहाणी झाली. आता आपण मोठ्यांनी व्हायचं.