दारू सोडणाऱ्यांचं मंडळ

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात मंडळ नसलेली गल्ली शोधावी लागेल. केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती १८९३ चा, लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. शिवाय भजनी मंडळं, गोविंदा पथकं, कबड्डीचे संघ, कोकणातल्या एकेका गावाची ग्रामस्थ मंडळं. दक्षिण-मध्य मुंबईत आणखी एक मंडळ भरतं. त्याला कार्यकारिणीची पाटी नसते, पावतीपुस्तकही नसतं. बाहेरच्या कुणी देणगी देऊ केली, तर ती ते हात जोडून नाकारतं. लालबागमध्ये वर्गणी नाकारणारं मंडळ म्हणजे नवलच! दारू सुटावी अशी इच्छा असणं, एवढीच सभासदत्वाची अट. नाव अल्कोहोलिक्स अनॉनिमस. बोलण्यात नुसतं ‘ए.ए.’.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूनं पोखरलेले. आपल्यासारख्याच दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणानं बोललं की आजचा दिवस पिण्यावाचून काढता येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळी चळवळ त्यातून उभी राहिली. १९५७ मध्ये ती भारतात पोचली. तिचं देशपातळीवरचं कार्यालय भायखळ्याला आहे. मीटिंगा भरतात त्या बहुतेक पालिकेच्या शाळांमध्ये किंवा चर्चच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर जमेल अशा वेळी.

तिथं भाषण नसतं. एकेक जण पहिलं नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि आपलं काय झालं ते बोलतो. मधे कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. नव्या माणसाला पाठबळ द्यायला जुना सभासद ‘स्पॉन्सर’ होतो. रात्री अकरा वाजता तलफ आली तर त्याला फोन करायचा. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस.

शपथा आपल्याकडे कमी नाहीत. गटारीला शेवटचं पिऊन श्रावणभर ग्लासाला हात न लावणारे गृहस्थ चाळीचाळीत भेटतात आणि ‘मनात आणलं तर केव्हाही सोडीन’ याचा पुरावा म्हणून तोच महिना पुढे करतात. बाकीच्या अकरा महिन्यांचा विषय निघत नाही. शपथ एकट्यानं टिकत नाही, हे राम गणेश गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मध्ये पिणाऱ्यांसाठी ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे, तळीरामासारखा कार्यकर्ता आहे. सोडू पाहणारा सुधाकर मात्र एकटा पडतो. गळ्यात तुळशीची माळ घालून खरोखर सुटलेले लोकही आहेत. त्यांच्याभोवती दिंडी असते, भजनाची बैठक असते, विचारपूस करणारी चार माणसं असतात. नुसत्या माळेला श्रेय देताना ही माणसं विसरली जातात.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठावा. एकदम बंद केल्यावर हातापायांना कंप सुटतो, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवावरही बेतू शकतं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर किंवा भायखळ्याचं जे. जे. यांच्या मानसोपचार विभागात यावर उपचार होतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून जेवणात पूड मिसळणं तर निव्वळ धोकादायक. अशा पुडीत डायसल्फिराम हे औषध असलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब घसरून जिवावरचा प्रसंग ओढवतो. हे औषध त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

पत्ता मिळणं सोपं. दारातून आत जाणं अवघड. चाळीत कोण किती वाजता झुलत आला हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो मीटिंगला गेला हे कळायला नको असतं! पिण्यापेक्षा सोडण्याची लाज जास्त, असा हा उलटा हिशेब. त्यावर सोपा उपाय आहे: लालबागच्या माणसानं गिरगावचा ग्रुप धरावा, गिरगावकरानं दादरचा. ए.ए.मध्ये आडनाव विचारत नाहीत, हजेरी मांडत नाहीत.

घरच्यांसाठी वेगळी सोय आहे. अ‍ॅल-अ‍ॅनॉन हे कुटुंबीयांचे गट १९५१ साली सुरू झाले. माणूस पीत असला तरी बायकोला, आईला तिथं जाता येतं. १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या त्या केंद्राला सुरुवातीचा हातभार पु. ल. आणि सुनीताबाईंनी लावला. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशननं ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाची जोड दिली. या पायऱ्यांतली परमेश्वराची भाषा काहींना रुचत नाही, त्यांना रुग्णालयातले गट जवळचे वाटतात.

ए.ए.चा उपयोग होतो का? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं तपासली गेली. शिस्तशीर बारा-पायऱ्या उपचार घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर उपचारांत ३५ टक्के. चमत्कार नव्हे, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी आकडा वाईट नाही. खरी अडचण दुसरीकडेच आहे. केंद्र सरकारनं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या विळख्यात अडकलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते.

व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्याचा १४४१६, दोन्ही फुकट. मीटिंगांच्या जागा आणि वेळा बदलतात, म्हणून जाण्याआधी ए.ए.च्या कार्यालयात फोन करावा आणि मीटिंग मराठीत चालते की हिंदीत, तेही विचारावं. ती ‘ओपन’ असेल तर बायको, भाऊ, मित्र कुणीही बरोबर येऊ शकतं. ‘क्लोज्ड’ असेल तर फक्त सोडू पाहणाऱ्यांनी यायचं. पहिल्या दिवशी काही न बोलता मागच्या बाकावर बसून राहिलं तरी चालतं.