कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर व उड्डाणकाळ

कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर म्हणजे उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील भूपृष्ठावरील लघुतम अंतर होय. ते सुमारे ३०८ किमी आहे. या दोन शहरांमधील अंतर पुणेमार्गे रस्त्याने सुमारे ३७५ किमी, तर लोहमार्गाने ५१८ किमी भरते.

पार्श्वभूमी

छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला. पुढे केंद्र शासनाच्या 'उडान' या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेत त्याचा समावेश झाला. कोल्हापूर आणि कागल यांच्या दरम्यान असलेला हा विमानतळ कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीला सर्वांत जवळचा आहे. इंजिननिर्मिती, ओतकाम व वस्त्रोद्योग यांचे कारखाने असलेल्या या वसाहतीच्या दृष्टीने मुंबईशी असलेला हवाई संपर्क महत्त्वाचा ठरतो.

अंतराचे मापन

पृथ्वी गोलाकार असल्याने दोन स्थळांमधील लघुतम मार्ग बृहद्वृत्ताच्या कंसावरून जातो. अंतर थोडे असल्यास पायथागोरसच्या सिद्धांतानेही पुरेसे अचूक उत्तर मिळते. या दोन विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २.४२ अंशांचा फरक आहे. तो उत्तर–दक्षिण २६८ किमी होतो. रेखांशांतील १.४२ अंशांचा फरक या अक्षांशावर पूर्व–पश्चिम १५० किमी होतो. या दोन भुजांचा कर्ण सुमारे ३०८ किमी येतो.

उड्डाणकाळ

एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किमी वेगाने जाते. केवळ भागाकार केल्यास ३७ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र साधारण एक तास धरला जातो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याची पाळी येणे आणि नेमून दिलेल्या वळणाच्या मार्गाने जाणे यांत उरलेला वेळ जातो. त्यामुळे ताशी ८०० किमी वेगाचे जेट विमान वापरले, तरी फारच थोडी मिनिटे वाचतात.

अंतर वाढते तसा या ठरावीक वेळेचा वाटा घटतो. मुंबई–दुबई हे सुमारे १,९३० किमी अंतर तीन तासांहून थोड्या अधिक वेळात कापले जाते. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ६०० किमी पडतो, कोल्हापूर–मुंबईच्या जवळपास दुप्पट. मात्र दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने, केवळ स्थानिक वेळांची वजाबाकी केल्यास हा प्रवास दीड तासाने कमी भासतो.

एकूण प्रवासकाळ

कागलहून विमानतळापर्यंत अर्धा तास, तेथील तपासणी व प्रतीक्षेस दीड तास, उड्डाणास एक तास आणि मुंबईत शहरात पोहोचण्यास एक तास धरल्यास एकूण चार तास होतात. रस्त्याने साधारण सात ते आठ तास लागतात. म्हणजे विमानाने वेळ निम्म्यावर येतो. परंतु काम आटोपून त्याच दिवशी परतता येईल की नाही, हे अंतरावर नव्हे, तर परतीच्या विमानाच्या वेळेवर अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

कोल्हापूर विमानतळ
कागल
बृहद्वृत्त