काँक्रीटमधील कृत्रिम तंतू : एक तुलनात्मक विवेचन

काँक्रीट दाब उत्तम सहन करते; ताणाखाली मात्र ते लवकर तडकते. ही उणीव कमी करण्यासाठी त्यात कृत्रिम तंतू मिसळले जातात. या तंतूंची तुलना बहुधा त्यांच्या तन्य सामर्थ्यावरून केली जाते. वास्तविक भेग केव्हा व कशामुळे पडते, हा निकष अधिक महत्त्वाचा आहे.

काँक्रीट ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पृष्ठभागावरील पाणी झपाट्याने उडून गेल्यास आकुंचनाच्या भेगा पडतात. विदर्भातील उन्हाळ्यात, कोरड्या वाऱ्यात, हा धोका विशेष असतो. या अवस्थेत काँक्रीट स्वतःच मऊ असल्याने पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर व नायलॉन हे तिन्ही तंतू उपयोगी पडतात. एका घनमीटरला सुमारे ०.९ किलो इतके अल्प प्रमाणही पुरते.

काँक्रीट कठीण झाल्यावर चित्र बदलते. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २५ ते ३० गिगापास्कल असतो. पॉलिप्रॉपिलीनचा सामान्यतः १० च्या आत. मऊ तंतू कठीण द्रव्यावरील ताण फारसा उचलू शकत नाही; भेग पडल्यावरच तो तिचे दोन्ही काठ धरून ठेवतो. म्हणून तुळई वा स्लॅबमधील सळईला हे बारीक तंतू पर्याय ठरत नाहीत. हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते. पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा तंतू अधिक ताठ असून सिमेंटशी घट्ट बंध साधतो. मिशिगन विद्यापीठातील व्हिक्टर ली यांनी विकसित केलेले सिमेंट-संमिश्र आकारमानाने सुमारे २ टक्के अशा तंतूंच्या बळावर ३ टक्क्यांहून अधिक ताणले जाते; साधे काँक्रीट ०.०१ टक्क्याच्या आसपासच तडकते. मात्र हा तंतू महाग आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा आहे. काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो. अशा अल्कधर्मी माध्यमात पॉलिएस्टरचे हळूहळू जलविघटन होते. पॉलिप्रॉपिलीनवर त्याचा परिणाम होत नाही. सुरुवातीच्या भेगांपुरता तंतू हवा असल्यास हा दोष गौण ठरतो, दीर्घकाळासाठी तो गंभीर आहे.

पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. एरवी हा दोषच. आगीत मात्र तोच गुण होतो. घन काँक्रीटमध्ये अडकलेल्या वाफेच्या दाबाने त्याचे पापुद्रे स्फोटासारखे उडतात. १९९६ मध्ये इंग्लिश खाडीखालील चॅनल बोगद्यातील आगीत काँक्रीटच्या अस्तराची अशीच मोठी हानी झाली. तंतू वितळल्यावर उरणाऱ्या सूक्ष्म वाटांनी वाफ बाहेर पडते. त्यामुळे २००४ च्या युरोपीय संहितेत उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटसाठी घनमीटरला किमान २ किलो पॉलिप्रॉपिलीन तंतू हा एक उपाय म्हणून दिलेला आहे.