वाक्प्रचाराचा तिसरा रकाना

कापडे हे आमच्या पोलादपूर तालुक्यातलं गाव. या भागातून नोकरीसाठी मुंबईला जाण्याची रीत जुनी. इथल्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. वाक्प्रचारांचा धडा आला की फळ्यावर एक उभी रेघ मारायची. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मुलांनी उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं. त्यात एक होता ‘किक द बकेट’. शब्दशः अर्थ बादलीला लाथ मारणे, खरा अर्थ मरणे. मुलं हसली आणि तो पक्का लक्षात राहिला.

पुढे त्यातला एक मुलगा मुंबईत एका कचेरीत लागला. त्याचे आजोबा गेले. त्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. साधा शब्द कोरडा वाटला, म्हणून त्याने मी शिकवलेला वाक्प्रचार वापरला. साहेबांनी तो अर्ज चारचौघांत वाचून दाखवला आणि कचेरी हसली. बाराव्याला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना, मरणे म्हणून?”

चूक त्याची नव्हती, माझी होती. मराठीत माणूस वारतो, देवाघरी जातो, कैलासवासी होतो, तसा ‘खपतो’ आणि ‘गचकतो’सुद्धा. अर्थ सगळ्यांचा एकच. पण स्वतःच्या आजोबांबद्दल ‘खपले’ असं कोणी लिहील का? ‘किक द बकेट’ हा त्या ‘गचकण्या’चा भाऊबंद आहे. दुःखाच्या प्रसंगी इंग्रजीत ‘पास्ड अवे’ म्हणतात. मी अर्थ दिला. तो कुणी, कुणापुढे आणि कधी बोलायचा, हे सांगायचं राहिलं.

खरं तर ही जाण आपल्याला आपल्या भाषेत उपजत असल्यासारखी असते. ‘खाणे’ हे एकच क्रियापद घ्या. आपण मार खातो, शिव्या खातो, हवा खातो, कुणी पैसे खातो, कुणी भाव खातो, तर कुणी डोकं खातो. यातलं ताटात काय पडतं? आणि हे आपल्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं? नाही. घरात, ओटीवर, एसटीत आपण ते ऐकलं. बोलणाऱ्याचा चेहरा पाहिला, म्हणून कळलं.

परभाषेच्या माणसाला मात्र ते सांगावं लागतं. आल्फ्रेड मॅनवारिंग नावाच्या मिशनऱ्याने आपल्या म्हणी गोळा करून १८९९ साली इंग्रजी भाषांतरासह त्यांचं पुस्तक काढलं. पण अनेक म्हणींना नुसतं भाषांतर पुरलं नाही. त्यांचा आशय वेगळा समजावून द्यावा लागला. तेव्हा आपण इंग्रजीपुढे अडखळतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. व्याकरण शिकवलं जातं, पण रोजच्या बोलण्यातल्या लकबी बहुधा वाट्याला येतात त्या नोकरीतच. फोनवर कुणी ‘हँग ऑन’ म्हणालं तर लटकायचं नसतं, जरा थांबायचं असतं. ‘कीप मी पोस्टेड’ याचा टपालपेटीशी संबंध नाही. वेळोवेळी कळवत राहा, एवढंच सांगणं असतं. ‘लेट्स कॉल इट अ डे’ म्हणजे आजचं काम इथेच थांबवू. शब्द सगळे ओळखीचे, आणि म्हणूनच फसगत होते. अनोळखी शब्दाला माणूस कोश तरी उघडतो.

उलट गाइडांमधून पाठ केलेलं पुष्कळदा कानावर पडत नाही. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपण सगळे शिकलो. आज रोजच्या बोलण्यात मात्र ‘इट्स पोअरिंग’ हेच अधिक ऐकू येतं. आकाशातून कुत्री-मांजरं कशी पडतात म्हणून आपण हसतो. पण आमच्याकडे पाऊस मुसळधार पडतो, तेव्हा मुसळं तरी कुठे पडतात?

मग शिकावं कसं? एक वही करा आणि तीन रकाने आखा. पहिल्यात ऐकलेले शब्द, दुसऱ्यात अर्थ. तिसऱ्यात कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणालं ते. तिसरा रकाना भरेपर्यंत तो प्रयोग स्वतः वापरू नका. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तो ऐकू द्या. आधी समजणं, मग बोलणं आणि सर्वांत शेवटी लिहिणं. अर्जात आणि साहेबांच्या पत्रात साधं, सरळ इंग्रजीच बरं. आणि कळलं नाही तर ‘व्हॉट डू यू मीन?’ असं धाडकन विचारण्यापेक्षा ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणावं. विचारणाऱ्याला कोणी हसलं, तर ते हसणं क्षणभराचं असतं.

त्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, “असू द्या, सर.” पुढच्या वर्षापासून मात्र मी फळ्यावर दोन रेघा मारू लागलो.